तीन भागांची मुदत

नोकरीत नव्या माणसाला उमेदवारीवर ठेवतात, नवे बूट दुकानात चार पावलं चालवून बघतात. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या कोतात्सुच्या, म्हणजे खाली शेगडी लावलेल्या बैठ्या मेजाच्या, पांघरुणात पाय घालून बसलेल्या बापाला पोटच्या मुलीनं तीन आठवड्यांच्या उमेदवारीवर ठेवल्याचं आमच्या वस्तीत तरी माझ्या ऐकिवात नाही. मी तक्रार करत नाहीये. तक्रार करायला अंगात जोर लागतो, आणि जानेवारीत माझा सगळा जोर गुडघे सरळ करण्यात संपतो.

झालं एवढंच, की चिगुसाचं कॉलेज मार्चमध्ये संपत होतं आणि एक एप्रिलपासून तिची सेन्दाईला नोकरी सुरू होत होती. घरात हे सगळ्यांना वर्षभर ठाऊक होतं. मलाही होतं. पण नववर्षाच्या पाचव्या दिवशी, उरलीसुरली मोची, म्हणजे तांदळाच्या चिकट वड्या, भाजत असताना, ते मला एकदम कळलं. मोची करपली. मी नव्या कॅलेंडरवर रविवार मोजले. हातात बारा होते. बावीस वर्षांत मुलीशी आपण काय काय बोललो याची उजळणी केली, तर "दार लावून घे", "जेवलीस का" आणि "छत्री ने" एवढी तीन वाक्यं हाती लागली. त्यातलं छत्रीचं वाक्य सगळ्यात प्रेमाचं.

ती बोलत नाही असं मात्र नाही. ती तासन्‌तास बोलते, फोनमधल्या मैत्रिणींशी. दर तीन महिन्यांनी ॲनिमेचा नवा हंगाम लागतो, तीस-चाळीस मालिका एकदम सुरू होतात, बारा आठवड्यांत संपतात आणि पुढचा हंगाम येतो. कोणती बघायची, कोणती सोडायची, कोणाची चित्रं बिघडली, यावर या मुलींचं जे चालतं ते आमच्या कंपनीच्या वार्षिक सभेतही चालत नाही. आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. मी तिथे सर्वसाधारण विभागात उपप्रमुख आहे. माझ्या हाताखाली दोन माणसं आणि एक झेरॉक्सचं यंत्र आहे, आणि त्यातलं यंत्र माझं ऐकतं.

"चिगुसा," मी करपलेली मोची खरवडत म्हटलं, "या हंगामात एखादी मालिका आपण दोघांनी बघू या का?"

तिनं फोनवरून डोळे वर केले. "बाबा, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"उत्तम वाटतंय."

"आईनं सांगितलं विचारायला?"

"माझं मी विचारतोय."

तिनं मला जरा वेळ न्याहाळलं. "बघू. पण माझा एक नियम आहे. कुठलीही मालिका असो, तीन भाग बघते. तीन भागांत नाही जमली, तर छाटणी."

"मालिकेची?"

"मालिकेची. नाहीतर तुमची. आधी जे असह्य होईल त्याची."

स्वयंपाकघरातून माझी बायको सुमिए हसल्याचं ऐकू आलं. सुमिए कधी आमच्या बोलण्यात पडत नाही. ती फक्त बाजूच्या खोलीतून हसते. तीस वर्षं मी ते हसणं ऐकून निर्णय बदलत आलोय.

मालिका मध्यरात्रीनंतर लागायची. ती रेकॉर्ड करायची आणि रविवारी सकाळी दहाला बघायची असं ठरलं. मालिकेचं नाव 'वजनकाटा तपासणी मंडळ'. शाळेतल्या चार मुली एका छोट्या ट्रकमधून गावोगाव फिरतात आणि भाजीवाल्यांचे, मासेवाल्यांचे काटे तपासतात. चौथीला काट्यात राहणारे देव दिसतात. हे का बघायचं, असं मी विचारलं नाही. मी मनाशी ठरवलं होतं की प्रश्न विचारायचे नाहीत.

पहिल्या रविवारी चोवीस मिनिटांत मी अकरा प्रश्न विचारले. ही मोजणी चिगुसाची आहे. माझ्या मते त्यातले दोन प्रश्न नव्हते, शंका होत्या. भाग संपल्यावर ती फोन तोंडाशी धरून मैत्रिणींना म्हणाली, "या हंगामाचं तख्त काही हिला मिळत नाही. पण चित्रं कोसळली नाहीत तर पूर्ण धाव घेईन. मूळ पुस्तकवाले सांगतायत सहावा देवभाग आहे म्हणून."

यातला शब्द न्‌ शब्द मला कळला आणि सगळं मिळून काहीच कळलं नाही. मी मान डोलावली. एकतीस वर्षं मीटिंगमध्ये डोलावतो तीच.

"कळलं?" चिगुसानं विचारलं.

"साधारण."

"काय कळलं?"

"की... चित्रं कोसळायला नकोत."

"हं," ती म्हणाली आणि खोलीत गेली. आमच्या साहेबांचा 'हं' बरा. त्यात निदान पगारवाढीची आशा असते.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल की मुलीलाच विचारायचं. पण मुलीला अकरा प्रश्न विचारून झाले होते, आणि उपप्रमुखाला काही मान असतो. मी कचेरीच्या रीतीनं जायचं ठरवलं. म्हणजे आधी संदर्भग्रंथ. सोमवारी अर्धी सुट्टी काढून नगरपालिकेच्या वाचनालयात गेलो. तिथे कळलं की माझ्या कार्डाची मुदत सहा वर्षांपूर्वी संपली आहे. नव्या कार्डाला पत्त्याचा पुरावा हवा. पाण्याचं, गॅसचं, विजेचं, सगळी बिलं सुमिएच्या नावावर. त्या घरात मी राहतो याचा एकही कागद माझ्याकडे निघाला नाही. गाडीचा परवाना होता, पण आमच्या वस्तीचं नाव नगरपालिकेनंच चार वर्षांपूर्वी बदललेलं. परवान्यावर जुनं.

"हे गाव आता अस्तित्वात नाही," वाचनालयातल्या बाई हळहळून म्हणाल्या.

"पण मी त्याच घरात राहतो."

"हो ना. तुम्ही आहात, ते मला दिसतंय."

मग पोलीस ठाण्यात जाऊन परवान्याच्या पाठीवर नवा पत्ता घालून घेतला, परत आलो, कार्ड झालं. चाहत्यांच्या बोलीवरचं एकमेव पुस्तक शेजारच्या शहरातून मागवावं लागणार होतं आणि त्याला सात आठवडे लागणार होते. शिवाय प्रतीक्षायादीत माझा नंबर दुसरा.

"पहिला कोण?"

"ते सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "खासगी माहिती."

पहिला कोण ते त्याच संध्याकाळी कळलं. आमच्या भिंतीला भिंत लागून मोमोसेसान राहतात. एकाहत्तर वर्षांचे, औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेले. माझी मोहीम त्यांना कशी कळली ते विचारू नका. आमच्याकडची भिंत अशी आहे की इकडे चहात साखर ढवळली तर तिकडून 'पुरे' म्हणतात. मोमोसेसान कुंपणापाशी मला गाठून म्हणाले, "कुरोइवासान, पुस्तक कशाला मागवता? तुमच्या आधी मी मागवलंय ते. पन्नास वर्षं बघतोय मी ॲनिमे. दुकानात गोळ्या मोजता मोजता बघायचो. मला विचारा."

"तुम्ही सांगाल?"

"का नाही? शब्दांचं औषधासारखं असतं. आधी मुदत बघायची, मग द्यायचे." एवढं बोलून त्यांनी मला चार शब्द दिले, उच्चार घटवून घेतले, आणि कोणता शब्द कोणत्या प्रसंगी, जेवणाआधी की नंतर, इथपर्यंत सांगितलं.

दुसऱ्या रविवारी मासळीबाजारातला काटा खोटा निघाला आणि नायिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मोमोसेसानांचा पहिला शब्द बरोबर जागी, मोठ्यानं टाकला. चिगुसानं टीव्ही थांबवला. नायिकेचा अश्रू गालावर अर्ध्यात लटकून राहिला.

"बाबा, हा शब्द कुठून आणलात?"

"म्हणतात की हल्ली."

"कोण म्हणतं? हा शब्द मी जन्मायच्या आधी वारलाय. हे बोलणारे सगळे आता पेन्शनीत असतील."

भिंतीपलीकडे कोणीतरी खोकलं. मी उरलेले तीन शब्द गिळले.

"तुम्हाला हे आवडत नसेल तर राहू दे ना," ती म्हणाली. चिडून म्हणाली असती तर चाललं असतं. ती समजूतदारपणे म्हणाली. "मला घर शोधायचंय, सामान बांधायचंय. तुम्हालाही रविवारी झोप मिळेल."

"अजून तिसरा भाग आहे," मी म्हटलं. "नियम नियम असतो."

"आहे," ती म्हणाली आणि टीव्ही पुढे सुरू केला. अश्रू खाली पडला. मला खरंच वाईट वाटलं, आणि ते नायिकेबद्दल नव्हतं.

आता एक रविवार हाताशी राहिला होता. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी झेरॉक्सच्या यंत्रामागे बसून इंटरनेटवरून आजचे, चालू, जिवंत शब्द उतरवून काढले. पण वय असं झालंय की नवा शब्द डोक्यात एका बाजूनं आला की दुसऱ्या बाजूनं शेजाऱ्याचं नाव निघून जातं. यावर एक जुना उपाय आहे. मी कंपनीत लागलो तेव्हा लिफ्टचे चारशे सुटे भाग पाठ करायला आमच्या तेव्हाच्या साहेबांनी शिकवलेला. अनोळखी शब्दाला ओळखीचा माणूस बांधायचा, म्हणजे तो सुटत नाही. मी तेच केलं. कागद असा झाला:

न बघताच छाटणे: पहिला भागही न बघता मालिका सोडून देणे. उदाहरण: वस्तीतल्या होसोनुमाबाईंचं मुळ्याचं लोणचं.

तीन भागांची छाटणी: थोडं बघून मग सोडणे. उदाहरण: माझं पोहणं शिकणं.

चित्रं कोसळणे: वेळ अपुरा पडल्यानं चेहरे बिघडणे. उदाहरण: मोमोसेसान केस रंगवायचे विसरतात तो आठवडा.

गोळाबेरीज भाग: नवं काही न दाखवता जुनंच पुन्हा दाखवणे. उदाहरण: वस्ती मंडळाचे अध्यक्ष गोंदो यांचं भाषण.

मूळ पुस्तकवाले: पुढे काय होणार हे आधीच माहीत असलेले. उदाहरण: सुमिए.

तख्त: त्या हंगामात सगळ्यांवर राज्य करणारी मालिका. उदाहरण: सुमिए, दर हंगामात.

लॉस: मालिका संपल्यावर चाहत्यांना आतून येणारं रितेपण. उदाहरण: एप्रिल. चिगुसाची खोली.

शेवटचं उदाहरण लिहायला मला विचार करावा लागला नाही. लिहून झालं आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली.

माझं पुढचं वागणं हे हात दाखवून अवलक्षण होतं, एवढं मी मान्य करतो. या वर्षी आमच्या गटाचं प्रमुखपद फिरत फिरत माझ्याकडे आलं होतं. गटप्रमुखाचं काम म्हणजे फिरती पाटी सांभाळणं. वस्ती मंडळाच्या सूचना त्या पाटीला लावायच्या, पाटी शेजारी द्यायची, त्यानं वाचून नावापुढे शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायची. सतरा घरं फिरून ती परत येते. या पाटीला जो चिमटा आहे तसा चिमटा अख्ख्या घरात दुसरा नाही. मंगळवारी संध्याकाळी कोतात्सुत बसून शब्द घोकता यावेत म्हणून मी कागद त्या चिमट्याला लावला. खाली आधीपासून दोन सूचना होत्या, एक आगीच्या कवायतीची आणि एक जळाऊ कचऱ्याचा वार बदलल्याची. घोकता घोकता मला डुलकी लागली.

बुधवारी सकाळी मी कंपनीत गेल्यावर सुमिएनं पाटी शेजारी देऊन टाकली. पाटी एका घरात एका दिवसापेक्षा जास्त राहता कामा नये, हा नियम आहे, आणि तो नियम मीच डिसेंबरमध्ये लाल अक्षरांत पाटीवर लिहिला होता.

"तू वाचलं नाहीस वरचं?" मी संध्याकाळी घरी येऊन किंचाळलो. म्हणजे किंचाळायला गेलो, पण भिंत आठवली.

"वाचलं की," सुमिए म्हणाली. "पुढे द्यायचं म्हणजे वाचायला नको?"

"आणि तरी दिलंस?"

"मला वाटलं, मंडळाचं काहीतरी असेल. अहो, तुमचं अक्षर इतकं सुंदर आलं होतं."

मी तसाच शेजारी गेलो. मोमोसेसान दारातच होते. "पाटी? सकाळीच पुढे दिली. शिक्का मारला हं मी." मग डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "केसांचं बरोबर आहे तुमचं. डबी आणायची राहिली या महिन्यात."

मी कंबरेत वाकलो. पुन्हा वाकलो. ते म्हणाले, "असू द्या हो. मुलगी कधी निघतेय?"

माणूस लाजला की विषय बदलतो, तसं असेल, असं मला वाटलं. "मार्चअखेर," म्हटलं आणि पुढे पळालो.

कोणाच्या दारात माफी मागायला रिकाम्या हातानं जाता येत नाही, म्हणून स्टेशनजवळच्या दुकानातून सेनबेईचे, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांचे, पुडे घेतले आणि पाटीच्या मागे निघालो. एरवी आमच्या वस्तीत पाटी अशी फिरते की आगीच्या कवायतीची सूचना शेवटच्या घरी पोचेपर्यंत कवायत होऊन गेलेली असते. पण त्या बुधवारी पाटीला पंख फुटले होते. मी तिसऱ्या घरी गेलो तर ती पाचव्या. पाचव्या घरी गेलो तर आठव्या. लोक वाचून, शिक्का मारून, चपला पायात सरकवून स्वतः पुढच्या घरी नेऊन देत होते आणि तिथे उभं राहून त्यांचं वाचून होण्याची वाट बघत होते. प्रत्येक दारात मी वाकत होतो, पुडा देत होतो, आणि प्रत्येक दारात मला विचारत होते, "मुलगी कधी निघणार?" एवढा मोठा गुन्हा समोर पडलेला असताना ही माणसं माझ्या घरगुती चौकशा करत होती. त्यांचा सभ्यपणा माझ्या अंगावर आला.

होसोनुमाबाईंचं घर अकरावं. दार उघडून त्या तशाच आत गेल्या. मला वाटलं, झाडू आणायला गेल्या. त्या आल्या त्या झाकणाचा डबा घेऊन.

"मुळा," त्या म्हणाल्या. "न बघताच छाटू नका."

"बाई, ते फक्त लक्षात ठेवायला... तुमचं लोणचं म्हणजे..."

"सहा वर्षं देतेय मी. सहा वर्षं तुमच्या सुमिएबाई 'काय सुंदर झालंय' म्हणतात. म्हणजे कोण खातं ते?"

"चिगुसा," मी म्हटलं. खरं तेच होतं. घरात ते लोणचं एकटी चिगुसा खाते, कुरुम कुरुम करत.

होसोनुमाबाईंचा चेहरा बदलला. आत जाऊन त्यांनी दुसरा डबा आणला. "हा तिला. सेन्दाईला न्यायला वेगळा देईन, मार्चमध्ये. आणि पाटी गेली हो पुढे. अकरावा शिक्का माझा आहे, सरळ मारलाय."

पाटी मला सापडली नाही. शुक्रवारी वस्ती मंडळाच्या अध्यक्षांचा, गोंदोसानांचा फोन आला. शनिवारी सकाळी नऊ वाजता सभागृहात या. मी काळा सूट घालून गेलो. गोंदोसान लांब टेबलापलीकडे बसले होते. समोर माझ्या कागदाची झेरॉक्स होती. यंत्र कुणाचंच नसतं हेच खरं.

"कुरोइवासान," ते म्हणाले, "ही सूचना अत्यंत गंभीर आहे."

"मला क्षमा करा. तुमच्या भाषणाविषयी जे..."

"तिच्यावर जावक क्रमांक नाही."

"अं?"

"क्रमांक नाही, तारीख नाही, विभाग नाही. आणि शिक्के पडलेत चौदा. उद्यापर्यंत सतरा पडतील. म्हणजे वस्तीनं ही सूचना स्वीकारल्यासारखंच झालं. काय स्वीकारलं, ते मात्र कागदावरून कळत नाही. आता हिचं करायचं काय?"

"मागे घेतो."

"फिरलेली सूचना मागे घ्यायची तर तशी सूचना फिरवावी लागते," गोंदोसान म्हणाले. "अमुक कागद मागे घेतला आहे, कुणी वाचू नये, असं. सोबत मूळ कागदाची प्रत जोडायची. नाहीतर काय वाचायचं नाही ते लोकांना कसं कळणार?"

मी दमलो होतो. दोन आठवडे नुसतं पोलीस ठाणं, पाटी, सेनबेई. म्हटलं, "जोडतो." आगीतून निघालो होतो, फुफाटा समोर दिसत होता, आणि त्यात बसायला जागा असेल तर मला तेवढंच पुरे होतं.

"मूळ कागद पाकिटात बंद करून पाच वर्षं गटाच्या पेटीत जपायचा," त्यांनी वहीत लिहिलं. मग चष्मा काढला. "आणि ते गोळाबेरीजचं. नवीन राहायला आलेल्यांना आधीचं माहीत नसतं, म्हणून मी दर वर्षी सगळं पहिल्यापासून सांगतो. ते आवश्यक असतं."

"अगदी आवश्यक असतं," मी म्हणालो.

"माझी मुलगी फुकुओकाला असते," गोंदोसान एकदम म्हणाले. "अकरा वर्षं झाली." मग त्यांनी चष्मा लावला आणि मला जायला सांगितलं. त्यांच्या मुलीचा इथे काय संबंध, हे मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. घरी पोचल्यावर मी झोपलो.

तिसऱ्या रविवारी सकाळी साडेनऊला दारावरची घंटा वाजली. मी दाढी करत होतो. दार चिगुसानं उघडलं. सतराव्या घरचे पाटी परत घेऊन आले होते. फेस लावलेल्या तोंडानं मी बाहेर आलो तेव्हा ती दारातच, चपलांच्या पायरीवर बसून, पाटी मांडीवर घेऊन वाचत होती. पाठमोरी. वर सतरा लाल शिक्के. मला वाटलं, संपलं. उमेदवार नालायक ठरला, आणि तोही अख्ख्या वस्तीच्या शिक्क्यांनिशी.

"ती पाटी मंडळाची आहे," मी म्हटलं. "तू वाचायचं कारण नाही."

"आपल्या घराचा शिक्का राहिलाय," ती न वळता म्हणाली. "अठरावा."

तिनं चपलांच्या कपाटावरचा घरचा शिक्का घेतला आणि आमच्या नावापुढे मारला. "हा कागद पाकिटात घालायचाय ना? आई सांगत होती. राहू द्या, मी घालते." ती कागद घेऊन खोलीत गेली आणि पाच मिनिटांनी बंद केलेलं, डिंकानं चिकटवलेलं, जोडावरही शिक्का मारलेलं पाकीट माझ्या हातात ठेवलं. मी ते न बघता गटाच्या पेटीत, तळाला टाकलं. पुन्हा म्हणून तोंड बघायचं नव्हतं मला त्या कागदाचं.

दहाला आम्ही बसलो. तिसरा भाग लागला. मी एक शब्द बोललो नाही, ना जिवंत, ना मेलेला. मध्येच नायिकेच्या चेहऱ्यावर डावा डोळा उजव्यापेक्षा खाली गेला. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "मोमोसेसान झाले हिचे."

चिगुसा हसली. बाजूच्या खोलीतूनच हसणाऱ्यांच्या घरात ती माझ्या शेजारी बसून, मुळ्याचा तुकडा तोंडात असताना हसली आणि तिला ठसका लागला. मी तिच्या पाठीवर थोपटलं. पलीकडून भिंतीवर टकटक झाली.

भाग संपला. मी वाट बघितली. ती उठली, डबा उचलला.

"मग?" मी विचारलं. "छाटणी?"

"पुढच्या रविवारी दहाच," ती म्हणाली. "आणि दाढी पूर्ण करून या. एका बाजूला फेस आहे."

बाकीचे नऊ रविवार कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही. आम्ही बसायचो, बघायचो. सहावा भाग खरंच देवभाग, म्हणजे हंगामातला सगळ्यात भारी, निघाला. मूळ पुस्तकवाले खोटं बोलत नाहीत. आम्ही फार काही बोललो असंही नाही. पहिल्यापासून बाराव्या भागापर्यंत पूर्ण धाव घेतली. मार्चच्या शेवटच्या रविवारी चारही मुलींनी काटे पुसून कपाटात ठेवले, नावांची यादी वर सरकली, आणि दुसऱ्या दिवशी चिगुसा सेन्दाईला गेली. स्टेशनवर मी तिला "छत्री घेतलीस का" विचारलं. ती "घेतली" म्हणाली. पुढच्या रविवारचं ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. मालिका संपली, नियमही संपला. पण मला वाटत होतं की काहीतरी बोलेल. सुमिएला मी तसं म्हटलं, तर ती माझ्याकडे बघत राहिली. हसलीही नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी गटप्रमुखपदाचा कार्यभार सोपवायचा असतो. पुढची पाळी होसोनुमाबाईंची. सकाळी साडेनऊला त्या पाय दुमडून आमच्या बैठकीत बसल्या आणि पेटीतला एक एक कागद यादीशी ताडून बघू लागल्या. मी समोर बसून होतो. टीव्ही बंद होता. दहा वाजले तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं नाही. म्हणजे बघितलं नाही असं दाखवलं.

"हे पाकीट," होसोनुमाबाई म्हणाल्या. "यादीत लिहिलंय, 'मागे घेतलेला कागद, एक'. आत एक आहे कशावरून?"

"मी सांगतोय ना. एकच आहे."

"सही करायची म्हणजे बघायला हवं."

"बाई, ते लोणच्याचं..."

"लोणच्याचं मला पाठ आहे," असं म्हणून त्यांनी पाकीट फाडलं, कागद काढला आणि चष्म्याखालून वरपासून वाचत आल्या. खाली आल्यावर थांबल्या.

"शेवटी हे कोणी लिहिलंय? पाटीवर आला तेव्हा हे नव्हतं."

"काय?"

त्यांनी वाचलं. "'लॉस. उदाहरण: एप्रिल. चिगुसाची खोली.' हे तुमचं. आणि खाली निळ्या शाईत: 'सहा एप्रिलला नवा हंगाम. दहा वाजता मी तिकडून लावते, तुम्ही इकडून लावा. फोन चालू ठेवा. ही छाटणी होणार नाही.' बाजूला तारीख घातलीय. जानेवारीची."

मी कागद हातात घेतला. अक्षर चिगुसाचं होतं. दोन महिन्यांहून जास्त काळ ते माझ्या पेटीच्या तळाशी पडून होतं, आणि माझ्याइतका कागद जपून वाचणारा बाप पाकीट उघडून ताडून बघितल्याशिवाय राहणार नाही, हे कधीच वाचून बसला असेल, असं समजून ती गप्प राहिली होती. स्टेशनवरसुद्धा.

"कुरोइवासान," होसोनुमाबाई म्हणाल्या, "आज सहा तारीख. दहा वाजून पंचवीस मिनिटं झालीत."

फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. मी उठलो. गुडघा वाजला, पेटी कलंडली, सतरा घरांचे वर्षभराचे कागद बैठकभर झाले. होसोनुमाबाई ते गोळा करू लागल्या. फोनवर चिगुसाचे सहा कॉल येऊन गेले होते, आणि सातवा वाजत होता.